भिंतीला पोट का सुटते?



माणसाला पोट सुटते हे आपल्याला ठाऊक आहे. पण भिंतीला पोट सुटलेले तुम्ही कधी पाहिले आहे का?

हसू नका बरं! हा प्रश्न माझा नाही, चौथीतल्या एका मुलाचा आहे. पावसाळा सरत आला होता. मी वर्गात घरांचे प्रकार शिकवत होतो. झोपडी, कौलारू घर, माळवद, स्लॅबचे घर अशी नावे फळ्यावर लिहून झाली, तोच मागच्या रांगेतून आवाज आला, "गुरुजी, आमच्या गोठ्याच्या भिंतीला पोट सुटलंय. आजोबा म्हणतात, तिकडं फिरकायचं नाही. भिंतीला पोट कशानं सुटतं हो?"

सगळा वर्ग खो-खो हसला. मला मात्र हसू आले नाही. कारण त्याच गोठ्याच्या आडोशाला आमच्या शाळेची निम्मी पोरे लपंडाव खेळतात, हे मी रोज पाहत होतो.

मग शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही सगळे तो गोठा पाहायला गेलो. आमचे चकलांबा हे गेवराई तालुक्यातले गाव. इथे अजूनही असे जुने दगड-मातीचे गोठे पाहायला मिळतात. तुमच्याही गावात एखादा असेलच. येता-जाता दिसतो म्हणून आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही. आज आपण लक्ष देऊन पाहू या.

गोठा म्हणजे नुसता आडोसा नव्हे

उत्तरेची भिंत पोट काढून उभी होती. म्हणून आम्ही दक्षिणेच्या दारातूनच आत डोकावलो. आत पाऊल कुणी टाकायचे नाही, असे आधीच ठरले होते. दाराजवळ आजोबा बाज टाकून बसले होते. तेच आमचे त्या दिवसाचे गुरुजी झाले!

दार पाहिले का? चांगले उंच आणि रुंद. बैलांना शिंगे न अडकता आत जाता आले पाहिजे आणि कडब्याचा भारा डोक्यावर घेतलेला माणूसही वाकला नाही पाहिजे. दाराच्या आतल्या बाजूला भिंतीत एक लांब भोक होते. "त्यात काय ठेवत असतील?" मी विचारले. कुणी म्हणाले काठी, कुणी म्हणाले साप! आजोबा हसले. "अरे, अडसर! रातच्याला हे लाकूड वढायचं नि दाराला आडवं घालायचं. सकाळी भितीत ढकलून द्यायचं. कडी नाही, कुलूप नाही."

आत एका बाजूने दगड-मातीची लांब गव्हाण. तिच्यासमोर बैल बांधायचे खुंटे. जमिनीला मागच्या बाजूने किंचित उतार दिलेला, म्हणजे गोमूत्र आपोआप वाहून जाते आणि जनावराच्या खुरांखाली ओल राहत नाही. भिंतीत दिव्यासाठी देवळी, खुरपी-विळे ठेवायला कोनाडे, दावी आणि कासरे अडकवायला खुंट्या. एका कोपऱ्यात बांबूच्या कामट्यांची जुनी कणगी. तिला आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेले. वर छताला एक चौकोनी भोक. त्याला सवणे म्हणतात. त्यातून उजेड येतो, गरम हवा बाहेर जाते आणि पाऊस आला की त्यावर झाकण ठेवतात.

आता खांब पाहा. खांब थेट जमिनीत पुरलेले नाहीत. प्रत्येक खांबाखाली एक घडीव दगड आहे. त्याला उथळा म्हणतात. लाकूड मातीत पुरले तर त्याला ओल लागते आणि वाळवी चढते. दगडावर उभे केले की लाकूड कोरडे राहते. खांबांवर आडव्या तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण म्हणजे लाकडाच्या बारीक चिपा, त्यावर पाला आणि सगळ्यांत वर माती. हे झाले माळवद. दोन खांबांच्या मधल्या जागेला खण म्हणतात. पूर्वी घर केवढे आहे ते फुटांत सांगत नसत. "पाच खणांचं घर", "तीन खणांचा गोठा" असे सांगत.

म्हणजे या गोठ्यात प्रत्येक गोष्टीला कारण आहे. कुठलीच गोष्ट उगीच केलेली नाही.

भिंतीची पुरणपोळी

आता येऊ या आपल्या प्रश्नाकडे. उत्तरेच्या भिंतीपासून चांगली वीस पावले लांब उभे राहून आम्ही पाहू लागलो. कोपऱ्याजवळ भिंतीचा वरचा भाग ढासळला होता. त्यामुळे भिंतीच्या आत काय आहे ते लांबूनही स्पष्ट दिसत होते.

मुलांना वाटत होते की दोन फूट जाडीची भिंत म्हणजे दोन-दोन फुटांचे दगड एकावर एक ठेवलेले असणार. तसे नव्हतेच मुळी! बाहेरच्या बाजूने दगडांची एक भिंत, आतल्या बाजूने दुसरी भिंत आणि दोन्हींच्या मध्ये बारीक दगड-गोटे आणि माती. अगदी पुरणपोळीसारखे! वरून पारी, खालून पारी, मध्ये पुरण. आपल्याला एक वाटणारी जाड भिंत खरे तर दोन पातळ भिंतींची जोडी असते.

आता यात दुखणे कुठे आहे, ते सांगतो. माळवद गळू लागले की पाणी भिंतीच्या डोक्यातून आत उतरते. मधली माती भिजते, फुगते, खाली बसते. वरचे वजन तिला दाबत असतेच. दाबलेली माती जाणार कुठे? ती दोन्ही बाजूंच्या दगडांना बाहेर ढकलते. बाहेरची भिंत हळूहळू पुढे येते. हेच भिंतीचे पोट! एकदा बाहेर आलेले पोट आपोआप आत जात नाही. पुढच्या पावसाळ्यात ते आणखी थोडे वाढते आणि एक दिवस बाहेरची बाजू धाडकन खाली येते.

"मग दक्षिणेची भिंत कशी काय सरळ राहिली?" एका मुलीने विचारले. प्रश्न अगदी नेमका होता. दोन्ही भिंती एकाच गोठ्याच्या, दगडही त्याच काळ्या जातीचे, ऊनपाऊसही तोच. मग फरक कशाचा?

उत्तर आजोबांनी दिले. "ती भित माझ्या आज्यानं बांधून घेतलेली. गवंडी जुना, खटपट्या. दर दोन हातांवर एक लांब धोंडा आडवा घालायचा. ह्या अंगानं बी दिसंल नि त्या अंगानं बी. उत्तरेची भित मागं एकदा पडली, ती आम्ही घाईघाईनं घरीच रचली. लांब धोंडे हुडकायला येळ कुणाला होता?"

सापडले उत्तर! त्या लांब दगडाला आपण आरपार दगड म्हणू या. गवंडी त्याला हेडर म्हणतात. तो भिंतीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जातो आणि दोन्ही भिंतींना एकमेकींशी जखडून ठेवतो. वहीची पाने शिवणीने धरून ठेवलेली असतात ना, तसेच. शिवण नसेल तर पाने सुटी होतात.

मग सगळेच गवंडी आरपार दगड का घालत नसत? आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि त्यातून हा दगड झाला. शेतात, ओढ्यात सापडणारे त्याचे धोंडे बहुधा गोलसर असतात. दोन फूट लांब आणि सपाट धोंडा मिळवायचा तर पाथरवटाकडून घडवून घ्यावा लागतो. त्याला वेळ लागतो आणि पैसाही. शिवाय भिंत लिंपून झाली की आत आरपार दगड आहे की नाही, ते कुणाला दिसते? म्हणून तो बऱ्याचदा राहून जाई.

घरी करून पाहा

खडूची दहा-बारा रिकामी खोकी घ्या. त्यांच्या दोन भिंती रचा आणि मध्ये चार बोटे जागा सोडा. दोन्ही टोके पुठ्ठ्याने बंद करा आणि मधल्या जागेत कोरडी वाळू भरा. आता वाळू वरून तळहाताने हळूहळू दाबा. काय होते? दोन्ही भिंती बाहेर सरकतात आणि कोसळतात.

आता पुन्हा रचा. या वेळी प्रत्येक दुसऱ्या थरात एक लांब खोके असे आडवे ठेवा, की त्याचे एक टोक एका भिंतीत आणि दुसरे टोक दुसऱ्या भिंतीत बसेल. वाळू भरून पुन्हा दाबा. भिंत बराच जास्त जोर सोसते. आमच्या वर्गात हा प्रयोग झाला तेव्हा वाळू पार टेबलाखाली गेली. म्हणून तुम्ही तो अंगणातच करा. नाहीतर आईची बोलणी खावी लागतील!

डोक्यावर सतरा बैल

भिंतीचे झाले. आता छपराचे पाहू. माळवदावर दर वर्षी मृगाच्या आधी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायची रीत आहे. पांढरी का बरे? शेतातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसते, म्हणून उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात. तशी माती छपरावर टाकली तर छपरालाही भेगा पडतील! गावठाणातली पांढरी माती एवढी फुगत नाही. ती पावसाने चांगली बसते आणि पाणी अडवते. म्हणून जुने लोक शेताला 'काळी' म्हणत आणि गावाला 'पांढरी'. पीक काळीत आणि घर पांढरीत!

या मातीचा मोठा गुण म्हणजे भर उन्हाळ्यात दुपारीही माळवदाखाली गारवा राहतो. बाहेर अंग भाजून निघत असले तरी आत बैल निवांत रवंथ करत बसलेले असतात. पत्र्याच्या शेडमध्ये हा गारवा मिळत नाही.

पण दर वर्षी नवी माती टाकायची आणि जुनी मात्र काढायची नाही, असे झाले तर? चला, गणित करू.

दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद छप्पर धरा. त्यावर दीड फूट मातीचा थर आहे. १० × १० × १.५ म्हणजे झाले १५० घनफूट. एक घनफूट दाबलेली कोरडी माती सुमारे ४५ किलो भरते. १५० × ४५ म्हणजे ६,७५० किलो. एक बैल ४०० किलोचा धरला, तर आपल्या डोक्यावर जवळजवळ सतरा बैल उभे आहेत! आणि हे कोरड्या मातीचे गणित. पावसात भिजली की वजन आणखी वाढते.

एक पहाट

आता मी जे सांगणार आहे ते थोडे गंभीर आहे. तुमच्या आजी-आजोबांना ते नक्की आठवत असेल. तुमचे आई-बाबा तेव्हा लहान असतील.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपतींचे विसर्जन करून लोक दमून झोपले होते. पहाटे चार वाजायच्या सुमारास लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी भागात जमीन हादरली. या भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने ती फार नव्हती. तरीही आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातली गावेच्या गावे ढिगारा झाली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

एवढी माणसे का गेली? भूकंपाचे केंद्र जवळ होते आणि वेळ गाढ झोपेची होती. पण अभ्यासकांनी पडलेली घरे तपासली तेव्हा आणखी एक कारण समोर आले. गोल धोंड्यांच्या, मातीत रचलेल्या, आरपार दगड नसलेल्या भिंती आणि वर दीड-दोन फूट मातीचे जड माळवद. जमीन हलताच भिंतीच्या दोन बाजू एकमेकींपासून सुटल्या आणि कोसळल्या. काही घरांत मात्र भिंती पडल्या, तरी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. छताचा भार भिंतींवर नव्हता, खांबांवर होता.

दगडाचे घर वाईट असते, असा याचा अर्थ नाही. लोकांना मात्र तसे वाटले. किल्लारीनंतर कित्येकांनी दगडाची इतकी धास्ती घेतली की चांगल्या भिंतीसुद्धा पाडून टाकल्या. जाणकारांनी मात्र वेगळा उपाय सांगितला. दगडी भिंत बांधताना उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर आरपार दगड घाला. जुनी भिंत उभी असेल, तर तिला तेवढ्या अंतरावर आरपार भोक पाडून त्यात वाकवलेली लोखंडी सळई ठेवा आणि काँक्रीट भरा. झाला नवा आरपार दगड! माळवदावरची जास्तीची माती कमी करा. म्हणजे आजोबांच्या जुन्या गवंड्याला जे ठाऊक होते, तेच पुन्हा नव्याने सांगावे लागले.

सातासमुद्रापलीकडचा गोठा

ही गोष्ट फक्त आपल्याकडची आहे, असे मात्र समजू नका. नकाशात ग्रेट ब्रिटन शोधा. त्याच्या पश्चिम बाजूला वेल्स नावाचा देश आहे. आकाराने तो आपल्या मराठवाड्याच्या जेमतेम एक तृतीयांश. तिथे शेतकऱ्यांची जुनी दगडी कोठारे आहेत. त्यांना बार्न म्हणतात. काही तर तीन-चारशे वर्षांची आहेत.

पूर्वी आपल्याकडे मळणी कुठे करायचे? उघड्यावर, खळ्यात. बैलांची पात फिरवायची आणि मग वाऱ्यावर धान्य उफणायचे. वेल्समध्ये हे जमत नसे. तिथे पाऊस कधी येईल याचा नेम नाही. म्हणून त्यांनी खळेच घरात आणले! बार्नच्या मधोमध समोरासमोर दोन मोठी दारे. दारांच्या मध्ये कणखर जमीन. तिच्यावर पेंढ्या पसरून दांड्यांनी झोडपायच्या. मग दोन्ही दारे उघडायची. वारा एका दारातून येतो आणि दुसऱ्यातून जातो, जाताना भुसा उडवून नेतो. आहे की नाही युक्ती? भिंतीत बारीक उभ्या फटी ठेवलेल्या, बाहेरून अरुंद आणि आतून रुंद. त्यातून हवा खेळते, पण पाऊस फारसा आत येत नाही. छप्पर उतरते आणि पुष्कळ ठिकाणी पाटीच्या दगडाचे. तुमच्या आजोबांनी ज्या पाटीवर बाराखडी गिरवली, तसल्याच दगडाचे!

आपल्याकडे पाऊस कमी आणि ऊन फार, म्हणून सपाट मातीचे छप्पर. तिकडे पाऊस फार, म्हणून उतरते दगडी छप्पर. खळे आपले बाहेर, त्यांचे आत. पण भिंत? भिंत तीच! दोन बाजू, मध्ये भराव आणि दोन्हींना धरून ठेवणारे लांब दगड. तिथेही कित्येक भिंती चुन्यात नव्हे, मातीतच रचलेल्या आहेत. तिकडच्या गवंड्याने मराठवाडा पाहिला नव्हता आणि आपल्या गवंड्याने वेल्सचे नावही ऐकले नव्हते. तरी दगडाने दोघांना एकच धडा शिकवला.

वेल्सची राजधानी कार्डिफ. तिच्याजवळ सेंट फेगन्स नावाचे एक उघड्यावरचे संग्रहालय आहे. ते १९४८ मध्ये सुरू झाले. देशभरातल्या चाळीसहून अधिक जुन्या इमारती तिथे आणून पुन्हा उभ्या केल्या आहेत, आणि त्यांत राजवाडेच आहेत असे नाही. शेतकऱ्यांची घरे आहेत, कोठारे आहेत, डुकरांचे खुराडेसुद्धा आहे! गोठ्यातही शिकण्यासारखे काही असते, हे त्यांना पटले म्हणून.

मग त्या गोठ्याचे काय झाले?

आजोबांना मी विचारले, "आबा, माळवदावर शेवटची माती कधी टाकली?"

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बैल होते तवर दर साली टाकायचो, गुरुजी. बैल इकले, नि गोठ्याकडं बघायचं राहिलं."

भिंतीला पोट का सुटते, याचे खरे उत्तर हेच नाही का? आरपार दगड नव्हता हे तर आहेच. पण भिंतीकडे कुणी पाहीनासे झाले, हेही आहे.

पोरगा म्हणत होता गोठा पाडून पत्रे टाकू. आजोबा म्हणत होते माझ्या डोळ्यांदेखत नको. शेवटी दोघांनी मिळून गावातल्या जाणत्या गवंड्याला बोलावले. त्याने आधी आतून तुळयांना टेकू दिले. माळवदावरची जुनी माती थोडी थोडी करून उतरवली. मग पोट सुटलेला भाग वरून खाली असा सावकाश उतरवला आणि तेच दगड पुन्हा रचले. लांब धोंडे पुरले नाहीत, तिथे त्याने काँक्रीटचे लांब ठोकळे ओतून घातले. पन्हाळ नीट बसवली. भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करायचा बेत होता, पण गवंड्याने तो करू दिला नाही. तो म्हणाला, "मातीची भित घाम गाळती. सिमिटानं तिचं तोंड बंद केलं, तर ओल आतच कुजल." पूर्ण खरे आहे ते. ओल बाहेर पडायला वाट लागते.

काम होईपर्यंत तिथे दोरी बांधली होती. दोरीच्या आत जायचे नाही, हे पोरांनीच एकमेकांना बजावले.

काम संपल्यावर तो मुलगा वर्गात धावत आला. "गुरुजी, भिंतीचं पोट गेलं!" वर्ग पुन्हा खो-खो हसला. या वेळी मीही हसलो.

या आठवड्याचा अभ्यास

१. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि गावातली एक जुनी दगडी भिंत लांबून पाहा. ती सरळ आहे का? पोट आले आहे का? उभी भेग आहे का? तिच्या पायथ्याशी पाणी साचते का?

२. पोट आलेल्या भिंतीजवळ, विशेषतः मोठ्या पावसानंतर, खेळू नका. गुरे बांधू नका. लगेच घरी सांगा. सांगायला लाजायचे कारण नाही.

३. अडसर, देवळी, सवणे, उथळा, खण, कणगी. यांतले कोणते शब्द तुमच्या आजी-आजोबांना माहीत आहेत ते विचारा. तुमच्याकडे त्यांना वेगळे नाव असेल तर ते वहीत लिहून ठेवा.

पालकांना एकच विनंती. मुलाने भिंतीबद्दल काही विचारले, तर "तुला काय करायचंय" असे म्हणू नका. एकदा उठून त्याच्याबरोबर भिंत पाहून या.

तुमचे,
गुरुजी